आधी तू पी

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला एकच असे. चांदीचा, दोन कानांचा. डीकन तो एकेकाच्या ओठांशी नेत, पांढऱ्या फडक्याने कड पुसत आणि पुढच्याकडे वळत. साळवे मास्तरांपाशी आले की त्यांना थांबावं लागे. मास्तर कोटाच्या आतल्या खिशातून स्वतःची छोटी काचेची पेली काढत, खिडकीच्या उजेडात धरून ती नीट पाहत आणि मग पुढे करत. डीकन मोठ्या प्याल्यातून त्यात दोन थेंब ओतत. मागच्या बाकांवर बायका एकमेकींना कोपर मारत.

एकदा पाळकसाहेबांनी त्यांना घरी येऊन विचारलं, "मास्तर, प्रभूच्या प्याल्यावर संशय?"

"प्रभूवर नाही, पाळकसाहेब," मास्तर म्हणाले. "माझ्या आधी पिणाऱ्यावर."

"आम्ही कड पुसतो की."

"फडक्याने पुसल्यावर जंतू मरतात, हे कशावरून?"

हा 'कशावरून' नगरमधल्या पुष्कळ लोकांच्या ओळखीचा होता. मुलांच्या हायस्कुलात मास्तरांनी सायन्स शिकवलं आणि निवृत्तीच्या आधी काही वर्षं आम्हा मुलींनाही शिकवलं. पाणी शंभर अंशाला उकळतं असं कोणी म्हटलं की ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "कशावरून?" पुस्तकात आहे, हे उत्तर चालत नसे. "पुस्तक लिहिणारा तुझ्या ओळखीचा आहे का?" असं म्हणून ते थर्मामीटर काढत. नगरचं पाणी शंभराच्या थोडं आधीच उकळतं, हे मी त्यांच्या वर्गात पाहिलं. पुस्तकाचा राग आला होता, हे आठवतं.

पुढे मी मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले. आमचा व्हरांडा एकच होता. त्यामुळे त्यांच्या घरात जे चाले ते मला दिसे, आणि जे दिसत नसे ते मार्थाकाकू सांगत. काकू कोल्हारच्या. मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकल्या होत्या, पण बोली प्रवरेच्या काठाचीच राहिली होती.

"लग्नात पाळकांनी यांना इचारलं, हिला बायको म्हनून घेतोस का," काकू सांगत, "तर यांनी आधी वाकून माझं तोंड बघितलं. ठरलेली पोरगी हीच हाय ना म्हनून!"

"बदलून दिल्याची उदाहरणं आहेत," मास्तर आतून म्हणत. "बायबलच्या पहिल्याच पुस्तकात. याकोबाला विचारा, ठरली धाकटी आणि मिळाली थोरली."

दूधवाली आली की मास्तर दुधातलं पाणी तपासायला लॅक्टोमीटर घेऊन बाहेर येत. वर्तमानपत्रं दोन घेत, शेजारीशेजारी पसरत आणि जिथे बातम्या जुळत नसत तिथे तांबड्या पेन्सिलीने खूण करत. लढाई सुरू झाल्यावर खुणा कमी झाल्या. मी म्हटलं, "आता बातम्या जुळायला लागल्या." ते म्हणाले, "दोघांनाही एकच माणूस सांगत असेल तर जुळणारच." दाराला आतून दोन कड्या, बाहेरून कुलूप. कुलूप लावल्यावर ते ओढून बघत, पायरी उतरत आणि परत येऊन पुन्हा ओढत. लोक हसत. मीही हसे, मनातल्या मनात.

पण त्या वर्षांत साऱ्या गावालाच संशयाची बाधा झाली होती. किल्ल्यात पुढाऱ्यांना कोंडलं होतं. कँपात, म्हणजे लष्करी छावणीत, परदेशी कैदी होते. खिडकीच्या काचांना काळा कागद, आणि पाणपोईवर कोणी अनोळखी बसला तरी लोक आवाज खाली आणत. मास्तर एकटेच तेव्हा वेगळे वाटेनासे झाले. बाकीचे आत्ता संशय घ्यायला लागले होते, ते आधीपासून घेत होते, एवढंच.

त्यांचा एकुलता मुलगा प्रभाकर लष्करात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या पथकात होता. आधी वाळवंटात, मग ब्रह्मदेशाच्या बाजूला. त्याचं कार्ड आलं की काकू मजकूर वाचायला अधीर असत आणि मास्तर आधी अक्षर तपासत. "'र'चा पाय त्याचाच आहे," असं ते म्हणाले की मग काकू पदर डोळ्यांना लावत. मजकूर काय, तो नेहमी सारखाच असे. पायावरूनच मुलगा जिवंत आहे हे ठरे.

हे सगळं सांगते आहे ते त्यांच्या आजारापाशी येण्यासाठी.

साखरेची गोष्ट जुनी होती. मोरीपाशी मुंग्यांची रांग काकूंनी पाहिली आणि मास्तरांना हाक मारली. त्यांनी मुंग्यांवर विश्वास ठेवला नाही. मोरचूद वगैरे घालून निळं द्रावण केलं, परीक्षानळीत लघवीचे थेंब टाकून ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटेसारखं तांबडं. "मुंग्या बरोबर होत्या," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते स्वतःला वर्गातल्या प्रयोगासारखं वागवू लागले. व्हरांड्यातल्या फळीवर नळ्या ओळीने लागल्या. इन्शुलिन मिळे तेव्हा घेत, लढाईत ते मिळेनासं झालं की भूक मारत.

मग पाय सुजायला लागले. नुसती लघवी तापवली की नळीत दुधासारखं साकळे. मिशनच्या इस्पितळातले डॉक्टर त्यांचे जुने विद्यार्थी. त्यांनी मूत्रपिंडं गेली आहेत असं सांगितलं. मीठ बंद, विश्रांती. याला दुसरं औषध नाही. काकू म्हणाल्या की त्या दिवशी मास्तरांनी 'कशावरून' विचारलं नाही. टांग्यात बसून घरी आले. दाराचं कुलूपही एकदाच ओढलं.

काकूंनी देवाकडे फार मागितलं नाही. "पोरगं येईस्तोवर टिका," एवढंच त्या मास्तरांना म्हणत. "मग माझं काय म्हननं न्हाई."

लिऊ या घरात आला तो बुटांमुळे. कँपात त्याचं छोटं दुकान होतं. लष्करातल्या साहेबांचे घोड्यावर बसायचे लांब बूट तो शिवे. कलकत्त्याहून इकडे आलेला चिनी माणूस; वय सांगता येऊ नये असा चेहरा, आखूड बोटं, आणि कँपातली सगळी माणसं बोलतात तसली मोडकी हिंदुस्थानी. मास्तरांचे बूट पूर्वीपासून तोच करी, कारण कातडं ओलं करून ते खरं आहे का बघू देणारा तो एकटाच होता. प्रत्येक गिऱ्हाइकाचं पाऊल कागदावर आखून तो ते कागद खिळ्याला टोचून ठेवी. मास्तर जुने बूट होत नाहीत म्हणून गेले, तर त्याने त्यांचा कागद काढून जमिनीवर ठेवला. पाऊल रेघेच्या चहूकडून बाहेर आलं.

"मास्टर, इस उमर में पाँव बड़ा नहीं होता," तो म्हणाला.

"कागद आकसला असेल," मास्तर म्हणाले.

लिऊने बोटाने घोट्यावर दाबलं आणि पडलेला खळगा त्यांना दाखवला. मग म्हणाला, "मेरा माँ का ऐसा था. पेशाब में शक्कर, पीछे पाँव में पानी. कलकत्ता में हमारा बूढ़ा वैद एक जड़ी देता था."

"बरी झाली?"

"नहीं. मर गया." लिऊने कागद उचलून परत खिळ्याला टोचला. "लेकिन देर से."

मास्तरांनी हे मला घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणता येईल की नाही, मला ठाऊक नाही. "रूथ, औषध देणारा आणि 'मरतो' असं सांगणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला," ते म्हणाले. "त्याच्यावर लक्ष ठेवायला पाहिजे."

कलकत्त्याहून पुडकं आलं. व्हरांड्यात कागद पसरून लिऊने ते सोडलं. हळदीच्या रंगाच्या मुळीच्या लांबट पट्ट्या होत्या. एक काळीभोर, चिकट, वाळल्या खजुरासारखी मुळी होती. आणि कसल्याशा वेलाच्या खोडाच्या चकत्या, बैलगाडीच्या चाकाला आरे असतात तशा रेघांच्या. त्याच्या भाषेतली नावं त्याने सांगितली. मास्तरांनी इकडच्या वैद्यांकडची नावं विचारली. ती त्याला येत नव्हती. धातूचं भांडं नको, मातीचं मडकं पाहिजे. एकदा उकळून पाणी काढायचं, त्याच मुळ्या पुन्हा उकळायच्या आणि दोन्ही पाणी एकत्र करायचं.

"दोनदा कशाला?" काकू म्हणाल्या. "आमच्या कोल्हारचे वैद एकदाच आटवत्यात. आठवा हिस्सा ठेवायचा."

"धातू का नको?" मास्तर म्हणाले. "त्यात असं काय आहे की तांब्यात कळकेल?"

"बहिन, दो बार," लिऊ काकूंना म्हणाला. मास्तरांपुढे त्याने मातीचं मडकं ठेवलं.

काढा झाला. काळपट, वरती फेस, कुजक्या पाल्यावर गूळ टाकल्यासारखा वास. मास्तरांनी तो दोन सारख्या पेल्यांत ओतला. दोन्ही पेले त्यांनी हातांनी दोनतीनदा फिरवून बदलले आणि मग लिऊला म्हणाले, "यांतला कुठलाही उचल. आधी तू पी."

मला शरम वाटली. काकू आत निघून गेल्या. लिऊने मात्र एक पेला उचलला, सबंध प्याला आणि ओठ पुसले. मास्तरांनी खिशातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. पाव तास ते आळीपाळीने काट्याकडे आणि लिऊकडे बघत राहिले. मग मास्तर त्याच्या डोळ्यांत वाकून पाहून म्हणाले, "ठीक." आणि स्वतः प्याले.

हे मग रोजचं झालं. शाळा सुटून मी घरी येई त्या सुमारास लिऊची सायकल फाटकाशी लागलेली असे. तो आधी पिई, घड्याळ मांडीवर येई, आणि त्या पाव तासात हळूहळू बोलणं सुरू झालं. लिऊची बायको आणि मुलगी चीनमध्ये, त्याच्या गावी होत्या. जपान्यांनी तो मुलूख घेतल्यापासून खबर नव्हती. मास्तर त्याला नकाशात गाव दाखवायला लावत. एक दिवस त्याने दाखवलेली जागा पहिल्या दिवसाशी जुळते का, तेही त्यांनी पाहिलं. जुळली.

मला स्वतःला तो माणूस उमगत नव्हता, हे लिहिलं पाहिजे. हा रोज एवढ्या लांबून का येतो, मुळ्यांचे पैसे का घेत नाही, निरोगी माणूस असला कडू काढा हसत कसा पितो, असे प्रश्न माझ्या मनात येत. मास्तर उघड संशय घेत. माझा आतल्या आत राही.

एकदा मी परतले तर व्हरांड्यात आरडाओरडा चालला होता. मास्तरांच्या हातात नळी, आणि नळीत विटेचा तांबडा रंग.

"पकडला!" ते ओरडले. "रूथ, बघ! काढ्यात साखर आहे. मधुमेहाच्या रोग्याला हा साखर पाजतोय!"

लिऊने नळी घेतली, हुंगली, परत दिली. "जड़ी में शक्कर होगा. मैं नहीं डाला."

"मुळीत साखर? कशावरून?"

"गाजर में कौन डालता है?"

मास्तरांनी काकूंना हाक मारून गाजर मागवलं, किसलं, पिळलं आणि तो रस दिव्यावर धरला. रंग तांबडा झाला. बीट नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बीट आणवून तेही केलं. काळी मुळी एकटी उकळली, पिवळी एकटी उकळली. काळीत साखर निघाली. "आरोप मागे घेतो," ते म्हणाले. "पण काळी मुळी निम्मी कर." लिऊ डोकं हलवत म्हणाला, "बूढ़ा वैद गुस्सा करेगा." "त्याला इथे यायला सांग," मास्तर म्हणाले, आणि दोघंही हसले. मास्तरांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. दात त्यांचेच होते.

पावसाळा सरता सरता पाय उतरले. घोट्याची हाडं पुन्हा दिसायला लागली. जुने बूट चढले आणि मास्तर चर्चला चालत गेले. काकू वाटेत भेटेल त्याला पाय बघायला सांगत होत्या. मास्तर म्हणाले, "मीठही बंद आहे. विश्रांतीही आहे. कशामुळे उतरले, हे सांगता येत नाही." पण ब्रह्मदेशाचा नकाशा त्यांनी त्या आठवड्यात भिंतीला लावला. प्रभाकर येईल तेव्हा तो कुठल्या रस्त्याने येईल याचा ते विचार करू लागले. त्याआधी तो विचार त्या घरात कोणी मोठ्याने करत नसे.

त्याच सुमाराला पोलिसांनी लिऊला चौकीवर बसवून ठेवलं. चिनी की जपानी, कँपात कोणाच्या सांगण्यावरून राहतो, अशी चौकशी होती. दोन दिवस तो आला नाही. काकूंनी काढा करून समोर ठेवला, पण मास्तरांनी तोंडाला लावला नाही. तिसऱ्या दिवशी ते टांगा करून चौकीवर गेले. मी बरोबर होते.

फौजदार ओळखीचे निघाले. "मास्तर, तुम्ही या भानगडीत कुठे? या माणसाची खात्री देता?"

"खात्री मी कोणाचीच देत नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही याच्यावर दोन दिवस संशय घेताय. मी कित्येक महिने, रोज, घड्याळ लावून घेतोय. तुमच्यापेक्षा जास्त मन लावून. मला अजून काही सापडलं नाही. सापडलं तर पहिल्यांदा तुमच्याकडे येईन."

फौजदारांना हसू आवरेना. संध्याकाळी लिऊ सुटला. तो सरळ व्हरांड्यात आला, पेला उचलला आणि मास्तरांनी काही म्हणायच्या आत प्याला.

पाव तासाच्या परीक्षेने मास्तरांचं समाधान मात्र होत नव्हतं. सावकाश चढणारं विष असेल तर? तसं वाटल्यावर त्यांनी लिऊलाही बाटली द्यायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा त्याची लघवी आणून द्यायची. लिऊ पोट धरून हसला. "मैं तुम्हारा पाँव नापा, तुम मेरा पानी नापो." फळीवर एक नळी वाढली. ती नेहमी पाण्यासारखी स्वच्छ निघे. मास्तर ती मुद्दाम आपल्या दुधाळ नळीशेजारी ठेवत आणि मला बोलावत. बघणारे डोळे दोन माणसांचे असावेत, हा त्यांचा वर्गातला नियम होता. "काय दिसतं? मला काय वाटतं ते विचारू नकोस."

थंडी संपत आली तेव्हा एके सकाळी त्यांनी अशीच हाक मारली. हातात एकच नळी होती.

"काय दिसतं?"

"पुसटसा ढग आहे," मी म्हटलं. "खाली नाही. वरती, तापवलंय तिथे."

"ॲसिटिक ॲसिड टाकल्यावर?" त्यांनी थेंब टाकला.

"गेला नाही." साध्या क्षारांचा ढग असता तर ॲसिडने विरला असता.

"ठीक. कोणाची आहे, ते विचारू नकोस." विचारायची गरज नव्हती.

पुढचे काही आठवडे ते पुन्हा पुन्हा पाहत होते. बाटली बदलली, काचेत दोष असेल म्हणून नळी बदलली. गाळून पाहिलं. ढग दर वेळी होता, आणि हळूहळू दाट होत होता. लिऊचा सदरा गळ्यापाशी सैल झाला होता. काम जास्त आहे, तो म्हणे. त्या दिवसांत काढ्याची वेळ झाली की मास्तर त्याला घोटभरच देत, उरलेला हात लागून सांडल्यासारखं करत.

एका दुपारी भिंतीपलीकडून मी दोघांचं बोलणं ऐकलं. आवाज चढलेले होते, म्हणून ऐकू आलं.

"त्याला नका देऊ," काकू म्हणत होत्या. "तुमी एकट्यानं प्या. पाय उतरलेत तुमचे. प्रभाकर यायचा हाय."

"त्याला सांगू काय? का देत नाही म्हणून?"

"खरं ते सांगा. तुला बाधतंय म्हना."

"मार्था, त्याने हेच त्याच्या आईला पाजलंय. आपल्या हाताने, वर्षानुवर्षं. ती उशिरा मेली असं तो समजतो. हे मूत्रपिंडाला बाधतं असं मी सांगितलं, तर तो जन्मभर काय समजेल?"

मग काकूंचा आवाज आला, आणि शब्द मास्तरांचाच होता. "त्या मुळीनंच झालं, कशावरून?"

"नक्की नाही," मास्तर म्हणाले. "त्या चकत्यांनी असेल, दुसऱ्या कशाने असेल. मलाही अपाय होतोय की नाही, कळायला मार्ग नाही. माझी नळी आधीच दुधासारखी. मला फक्त संशय आहे. पण संशय असताना तो पेला मी त्याच्यापुढे ठेवू शकत नाही. आणि मी पीत राहिलो तर तो माझ्या आधी पिणार. माझंच शिकवणं आहे ते."

"आन् पोरगं?"

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात वह्या तपासत होते. लिऊ आला. मडकं चुलीवर नव्हतं. मास्तर खुर्चीत नीट कोट घालून बसले होते.

"लिऊ, काढा बंद," ते म्हणाले. "बरा झालो मी. डॉक्टर म्हणाले, आता गरज नाही."

लिऊने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या पायांकडे. "कशावरून?" तो मराठीत म्हणाला.

मास्तरांनी फळीवरची एक नळी उचलली, दिव्यावर धरली, उकळी आणली आणि त्याच्यासमोर केली. नळी आरपार स्वच्छ होती. तिच्यातून लिऊची हनुवटी दिसत होती.

"ही माझी," मास्तर म्हणाले.

ते माठातलं पाणी होतं. सकाळी त्यांना ते भरताना मी पाहिलं होतं, आणि कशासाठी भरताहेत हे तेव्हा कळलं नव्हतं. चाळीस वर्षं मुलांना खोटा प्रयोग हा चोरीपेक्षा वाईट असं बजावणारा माणूस नळी धरून बसला होता, आणि त्याचा हात अजिबात हलत नव्हता. लिऊने मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? त्याने विचारलं नाही. नळीकडे बघत तो म्हणाला, "अच्छा है, मास्टर. बहुत अच्छा."

त्याचा विश्वास बसला का, हे मला आजही सांगता येत नाही. पायांचं त्याला मास्तरांपेक्षा जास्त कळत होतं. उरलेल्या मुळ्या काकूंनी चुलीत घातल्या. घरभर गोडसर धूर झाला.

तो यायचा मात्र थांबला नाही. त्याच वेळेला सायकल लागे. आता तो बिनदुधाचा, बिनसाखरेचा फिका चहा करी, त्याच्याकडच्या पानांचा. आणि मास्तरांनी त्याची बाटली चालू ठेवली होती. "मी बरा झालो, तर तपासायला काहीतरी पाहिजे ना," असं त्याला सांगितलं होतं. लिऊची नळी ते दर आठवड्याला, सकाळी कोणी नसताना बघत आणि मला हाक मारत. आधी ढग, मग धूर, मग फक्त कडेला काहीतरी. उन्हाळा संपताना एक दिवस मी म्हटलं, "काही दिसत नाही." "नीट बघ." "काही नाही, मास्तर. पाणी आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. स्वतःची नळी त्यांनी पुष्कळ दिवसांत तापवली नव्हती.

पाय परत सुजले. लिऊ यायच्या आधी काकू त्यांच्या मांडीवर घोंगडी घालून पायांच्या खालपर्यंत सोडत. त्या उकाड्यात घोंगडी! लिऊने तिच्याविषयी कधी विचारलं नाही. फक्त एकदा येताना त्याने कॅनव्हासचे बूट आणले, मऊ, पुढून पार उघडे, नाडीला भरपूर जागा सोडलेले. "गरमी का जूता," म्हणाला, आणि घोंगडीशेजारी ठेवले. मास्तरांनी ते उचलून शिवण ओढून पाहिली.

प्रभाकर आला तेव्हा मास्तरांना जाऊन काही आठवडे झाले होते. काकूंनी त्याला व्हरांड्यात बसवून आधी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून नीट बघून घेतलं. लिऊ पुढे कलकत्त्याला परत गेला. तिथून चीनला गेला की नाही, कळलं नाही. काढ्याने काय केलं, चकत्यांनी काय केलं, की सगळं मिठाचंच होतं, हेही कधी कळणार नाही. मी वाचण्याचा प्रयत्न केला. ज्याने त्याने आपल्याला हवं तेच लिहिलेलं असतं.

मास्तरांना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्या फिक्या चहाच्या वेळी. नंतर ते पलंगावरून उठले नाहीत, आणि ते पाहणं मी धरत नाही. मी शाळेतून येऊन व्हरांड्याची पायरी चढत होते. मधल्या स्टुलावर दोन पेले होते, तेच जुने. लिऊने चहा ओतला आणि सवयीने स्वतःचा पेला उचलून ओठांशी नेला. इतक्या महिन्यांची सवय.

मास्तरांनी घोंगडीखालून हात काढला आणि त्याच्या पेल्यावर आडवा धरला.

"थांब," ते म्हणाले.

त्यांनी तोच पेला त्याच्या हातातून घेतला, त्यातला घोट घेतला, मिशी पुसली. मग खिशातून घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. पेला परत लिऊच्या हातात दिला. दोघंही घड्याळाकडे बघत होते. चहा निवून गेला असणार, पण लिऊ पेला तसाच दोन्ही हातांत धरून मास्तरांनी मान हलवायची वाट पाहत बसला.